सेल बायोलॉजीत मास्टर्स: साडेतीन स्टार, आणि दीड का कापले ते

मास्टर्स संपून बरेच दिवस झालेत, राग-लोभ दोन्ही निवळलेत, म्हणून आता लिहायला बसले. हा कुठल्या एका युनिव्हर्सिटीचा रिव्ह्यू नाही, डिग्रीचाच आहे, कारण वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेल्यांशी बोललं तरी तक्रारी त्याच निघतात आणि कौतुकही त्याच गोष्टींचं होतं. पाचपैकी साडेतीन देतेय. आधीच सांगते, ब्रोशरवरून काही ठरवू नका. सिग्नलिंग, सायटोस्केलेटन, सेल सायकल, स्टेम सेल, कॅन्सर बायोलॉजी ही यादी सगळीकडे उन्नीस-बीस सारखीच असते. या डिग्रीत जे काही मिळतं ते बेंचवर आणि मायक्रोस्कोपसमोर मिळतं, आणि ते तुमच्या वाट्याला किती येणार हे ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही.

लेक्चर्स ठीकठाक. अर्धा सिलॅबस बॅचलर्सला झालेलाच असतो. फरक एवढाच की चांगला शिकवणारा मिळाला तर तो 'हे काय आहे' न सांगता 'हे कळलं कसं' ते सांगतो, आणि मग तोच विषय एकदम वेगळा वाटायला लागतो. सायक्लिन या प्रोटीनचंच घ्या. पुस्तकात दोन ओळी: सायक्लिन वाढतं, घटतं, सेल सायकल पुढे सरकते, संपलं. पण टिम हंट यांनी १९८२ मध्ये सी अर्चिनच्या अंड्यांत नवीन बनणारी प्रोटीन रेडिओअॅक्टिव्ह लेबल लावून जेलवर पाहिली, तेव्हा बाकीचे बँड गडद होत चालले होते आणि एक बँड मात्र दर विभाजनाला गायब होऊन परत येत होता. ते जेल समोर ठेवून कोणी विचारलं की यातून तुम्ही काय काढाल, तर तासभर वर्ग भांडतो. किंवा रँडी शेकमनच्या लॅबमधले यीस्टचे म्युटंट, स्राव बाहेर पडायचा अडला की पेशी जड होते म्हणून घनतेवरून त्या वेगळ्या काढल्या, किती साधी आयडिया, आणि शेवटी २०१३ चं नोबेल. असे तास मोजकेच मिळाले. बाकी वेळ स्लाइडवर बाणांचं जाळं आणि 'परीक्षेत पाथवे येतोच' हे वाक्य.

आता सेल कल्चर. यासाठीच ही डिग्री घ्यावी असं माझं मत, आणि लोक सोडतात तेही यापायीच. ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, मीडियात १० टक्के सीरम, दोन-तीन दिवसांनी ट्रिप्सिन हे एन्झाइम लावून पेशी सोडवायच्या आणि नव्या फ्लास्कमध्ये टाकायच्या (यालाच पॅसेज म्हणतात), ऐकायला काहीच नाही. पण मीडियाचा रंग बघून पेशींची तब्येत ओळखणं, पिवळा पडला म्हणजे अॅसिडिक झालाय, जांभळट झाला म्हणजे इन्क्युबेटरचा गॅस संपलाय की काय ते आधी बघा, हे हाताला आणि डोळ्याला बसायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणी दुसरा तुमच्यासाठी घालवू शकत नाही. फ्रीझ करताना हळूहळू, मिनिटाला साधारण एक डिग्री, आणि बाहेर काढताना मात्र झटपट, नाहीतर फ्रीझ करताना घातलेलं डीएमएसओ हे केमिकल आणि बर्फाचे स्फटिक मिळून पेशींची वाट लावतात. डेमो बघून हे येत नाही. वीस जणांमध्ये एक हूड (निर्जंतुक हवेचं कपाट) आणि शिक्षक करून दाखवतायत, बाकीचे मागून माना उंचावून बघतायत, असं प्रॅक्टिकल असेल तर त्याला प्रॅक्टिकल म्हणू नका. अॅडमिशनआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच, की माझ्या हातात माझा स्वतःचा फ्लास्क कधी येणार, आणि तो मी एकटी सांभाळणार का.

आणि हो, पेशींना रविवार कळत नाही. सण, लग्न, आजारपण काही कळत नाही. ज्यांना ठरलेल्या वेळेत घरी जायचंय त्यांनी यीस्टवर काम करणारी लॅब बघा, प्लेट फ्रिजमध्ये ठेवून निघता येतं.

कंटॅमिनेशनबद्दल जरा जास्त लिहिते कारण शिकवताना यावर सगळ्यात कमी बोलतात. बॅक्टेरिया आले तर मीडिया गढूळ होतो, बुरशी आली तर डोळ्यांनी दिसते, फेकून द्या, विषय संपला. मायकोप्लाझ्मा हा बारीकसा बॅक्टेरिया तसा नाही. त्याला सेल वॉल नसते म्हणून पेनिसिलिनचा उपयोग शून्य, आकार एवढा लहान की नेहमीच्या ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो, मीडिया स्वच्छच दिसतो, पेशी जिवंतच राहतात, फक्त त्यांचं वागणं आतून बदलत जातं आणि तुम्ही महिनोन्महिने त्या बदललेल्या वागण्याचे ग्राफ काढत बसता. कळतं ते पीसीआरने किंवा डीएनएचा डाय टाकून बघितलं तर. मी जिथे होते त्या लॅबमध्ये ही टेस्ट नियमित होतच नव्हती, विचारलं की 'आपल्याकडे कधी प्रॉब्लेम आला नाही' असं उत्तर. अहो, टेस्टच केली नाही तर प्रॉब्लेम येणार कुठून!

तीच कथा सेल लाइनच्या, म्हणजे लॅबमध्ये कायम वाढवत ठेवलेल्या पेशींच्या ओळखीची. हेला पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या ट्यूमरमधून घेतल्या, त्यांना न सांगता, न विचारता, आणि त्या इतक्या जोमाने वाढल्या की इतर कल्चरमध्ये घुसून मूळ पेशींना हुसकावून बसल्या. १९६६ मध्येच स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिलं होतं की वेगवेगळ्या नावांनी चालणाऱ्या कितीतरी लाइन प्रत्यक्षात हेलाच आहेत. त्यालाही किती दशकं झाली, तरी आजही चुकीच्या ओळखीच्या लाइनवर पेपर निघतात. एसटीआर प्रोफाइल, म्हणजे पेशींच्या डीएनएची ओळखपरेड, करून घेतलं की प्रश्न मिटतो. कोर्समध्ये हेलाचा एथिक्सवाला भाग एका लेक्चरमध्ये होतो, चांगला होतो, पण 'तुमच्या फ्रीझरमधली व्हायल खरंच तीच आहे का' हा भाग बहुतेक ठिकाणी गाळलेला.

मायक्रोस्कोपी, इथे मी पूर्ण मार्क देणार. अर्न्स्ट अॅबे यांनी १८७३ मध्ये सांगितलेली मर्यादा, म्हणजे साध्या प्रकाशात साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसणार नाहीत, ही सगळे पाठ करतात, पण कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर स्वतः बसल्यावर तिचा अर्थ कळतो. दोन प्रोटीनचे लाल-हिरवे रंग एकमेकांवर आले, पिवळं दिसलं, की प्रत्येक नवशिका ओरडतो 'को-लोकलायझेशन!', म्हणजे दोन्ही एकाच जागी, आणि सीनियर शांतपणे विचारते की तुझ्या पिक्सेलमध्ये किती प्रोटीन मावतील सांग बरं. २०१४ चं केमिस्ट्रीचं नोबेल ही मर्यादा ओलांडल्याबद्दल होतं, तशी मशीन तुमच्या डिपार्टमेंटमध्ये असेल तर मजा आहे, पण नसली तरी अडत नाही. बुकिंग मिळतं का आणि एकट्याने वापरू देतात का हे जास्त महत्त्वाचं. काही ठिकाणी ऑपरेटरच बसतो, तुम्ही शेजारी स्टुलावर. त्यात काही शिकणं होत नाही.

आता पहिला कापलेला स्टार, पूर्णच्या पूर्ण स्टॅटिस्टिक्सला. एका डिशमधल्या तीनशे पेशी मोजल्या आणि एन (म्हणजे स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर तीनशे लिहून पी व्हॅल्यू काढली, हे मास्टर्सच्या प्रबंधांत सर्रास चालतं. तो एन तीनशे नाही, एक आहे. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजला प्रयोग परत करायचा, असे निदान तीन वेळा, तेव्हा कुठे बोलायला जागा होते. हे मला वर्गात नाही, एका पोस्टडॉकने चिडून शिकवलं. इमेज अॅनालिसिसचंही तेच. फिजी हे इमेज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला अवघड नाही, पण कंट्रोल आणि ट्रीटेड दोन्हींचं एक्स्पोजर सारखंच ठेवायचं, मनाला येईल तसा कॉन्ट्रास्ट ओढायचा नाही, मोजणाऱ्याला सॅम्पल कुठलं ते कळू द्यायचं नाही, हे नियम पहिल्या सेमिस्टरमध्ये यायला हवेत. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये बायोमेडिकलचे २०,६२१ पेपर डोळ्यांखालून घातले आणि ३.८ टक्के पेपरांत इमेजेसमध्ये गडबड सापडली, त्यातल्या निदान अर्ध्या मुद्दाम केल्यासारख्या. एवढं झाल्यावरही हा विषय सिलॅबसमध्ये ऑप्शनल ठेवतात, कमाल आहे.

वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे अँटिबॉडी लावून एखादं प्रोटीन शोधायची टेस्ट, सगळ्यांना करावाच लागतो, सगळे शिव्या देतात, मीही दिल्या. अँटिबॉडीच्या डब्यावर ज्या प्रोटीनचं नाव लिहिलंय त्यालाच ती चिकटते असं नाही, नॉकआउट पेशींवर, म्हणजे ते प्रोटीनच नसलेल्या पेशींवर, तपासून बघा, एवढंच.

उरलेला अर्धा स्टार गाइड प्रकाराला कापलाय. डिझर्टेशन हा या डिग्रीचा जीव आहे, पण तुमचं नशीब एका माणसाच्या हाती असतं, आणि नाव मोठं म्हणजे गाइड चांगला असं बिलकुल नाही. मोठ्या लॅबमध्ये बॉसची गाठ लॅब मीटिंगलाच पडते, रोजचं शिकवणं पीएचडीवाला किंवा पोस्टडॉक करतो, तेव्हा भेटायला जाल तर त्याला भेटा. तुम्हाला छोटा का होईना पण स्वतःचा प्रश्न मिळतोय की दुसऱ्याच्या पेपरसाठी प्लास्मिड (डीएनएचे छोटे गोल तुकडे) तयार करायला फुकटचे हात हवेत, हे दहा मिनिटांत कळतं. मागच्या बॅचच्या मुलांना विचारा, आणि लॅबच्या बाहेर गाठून विचारा, आत कोणी खरं बोलत नाही. प्रयोगातून काहीच निघालं नाही तरी पास करतात का हेही विचारा. करतात, बहुतेक ठिकाणी करतात, कंट्रोल नीट असतील तर व्हायव्हाला उलट सोपं जातं, फक्त हे आधी कोणी सांगत नसल्याने मुलं शेवटच्या महिन्यात डेटाच्या मागे वेड्यासारखी पळतात.

पुढे काय, हा प्रश्न सगळे विचारतात. पीएचडी करायची असेल तर ही डिग्री म्हणजे ट्रायल आहे, आणि चांगली ट्रायल आहे, एवढ्यात नकोसं झालं तर पुढची चार-पाच वर्षं वाचली. नोकरी म्हणाल तर बायोफार्मात कल्चर येणाऱ्यांना मागणी असते, कारण मोनोक्लोनल अँटिबॉडी बऱ्याचशा सीएचओ पेशींत, म्हणजे चायनीज हॅम्स्टरच्या ओव्हरीच्या पेशींतच बनवतात, आणि सेल थेरपीतही तेच कौशल्य लागतं. पण तिथे जीएमपी, म्हणजे औषधनिर्मितीचे कडक नियम, असतं, प्रत्येक पायरीची लिखित नोंद, सही, तारीख, खाडाखोड चालत नाही, आणि मास्टर्सवाल्यांच्या लॅब नोटबुका बघितल्या तर... जाऊ दे. इंडस्ट्री प्लेसमेंटचा पर्याय असेल तर घ्या, सेमिस्टर लांबलं तरी घ्या. नसेल तर निदान फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजणारं मशीन, हाताखालून जाईल असं बघा, जाहिरातींत ते सारखं मागतात आणि डिपार्टमेंटमध्ये ते मशीन बऱ्याचदा कव्हर घालून पडलेलं असतं.