टाचांच्या भेगा: पेट्रोलियम जेली, युरियाचं क्रीम की वज्री?

टाचांना भेगा पडल्या की हाताला लागेल ते चोपडलं जातं आणि आठवड्याभरात "काही फरक नाही" म्हणून सोडूनही दिलं जातं. म्हणून आधी टाच उजेडात धरून नीट बघा. कडेची कातडी पिवळसर, जाड, निबर झालीय की नुसतीच कोरडी, पांढुरकी आहे? निवड त्यावर ठरते.

तळपायाच्या कातडीत तेलग्रंथी नसतातच. त्यात अंगाचा भार पडला की टाचेखालची चरबी बाजूला फाकते आणि ताठ झालेली कड ताण न सोसून फाटते.

नुसता कोरडेपणा असेल तर पेट्रोलियम जेली पुरते. ती झोंबत नाही, पण स्वतः पाणीही देत नाही. कातडीतला ओलावा अडवून धरते. त्यामुळे पाय न भिजवता सुक्या टाचेवर ती लावून फारसा उपयोग नाही. रात्री पाय धुवा, टिपा, ओलसर असतानाच लावा आणि वर सुती मोजे घाला.

निबर कातडीवर मात्र जेली वरवरच राहते. तिथे माझं मत युरियाच्या क्रीमला. साधारण 10 टक्क्यांपर्यंतचं क्रीम ओलावा धरतं. 20-25 टक्क्यांचं निबर थर सैलही करतं. ट्यूबवरची टक्केवारी वाचूनच घ्या. उघड्या भेगेत ते चुरचुरतं, म्हणून भेग भरेपर्यंत आत जेली आणि कडेला युरिया. सॅलिसिलिक ॲसिडही थर उतरवतं, पण आजूबाजूची चांगली कातडी सोलवटू शकते, म्हणून ते माझ्या लेखी दुसऱ्या क्रमांकावर.

वज्री ही फक्त जोडीला. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवून हलक्या हाताने फिरवा आणि लगेच क्रीम लावा. एका बैठकीत सगळं खरवडून काढायला जाऊ नका. टाच हुळहुळी होते, जखमही होते. ब्लेड तर नकोच.

मधुमेह असेल किंवा पायाला स्पर्श नीट कळत नसेल, तर वज्री, ॲसिड आणि जास्त टक्क्यांचं युरिया, काहीच स्वतःहून वापरू नका; डॉक्टरांना पाय दाखवा. रक्त, पू, सूज असेल तरीही तेच. बोटांच्या बेचक्यात खाज आणि सालपटं असतील तर बुरशीची शंका घ्या, तिला वेगळं औषध लागतं.

भेगा भरल्या की बरेच जण क्रीम बंद करतात आणि त्या परत येतात. रोज एकदा लावणं चालू ठेवा, आणि मागून उघड्या चपलेऐवजी टाच धरून ठेवणारं पादत्राण वापरा.