मर्ढेकरांची सही म्हणून ४९,३५० रुपयांना गंडवलं, जुने कागद घेणाऱ्यांनी वाचा

आकडा आधीच सांगतो. १५,००० अ‍ॅडव्हान्स, ३३,५०० पार्सल निघायच्या आधी, वर कुरियरचे ८५० पण माझ्याच खिशातून. कशासाठी, तर कवी मर्ढेकरांच्या टाइप केलेल्या अकरा कविता, पानापानावर सही आणि खाली कवीने स्वतः दिलेलं स्पष्टीकरण. 'पिपांत मेले ओल्या उंदिर' या कवितेवर लोक इतकी वर्षं वाद घालतायत, त्यावर खुद्द मर्ढेकर काय म्हणतात हे मिळतंय म्हटल्यावर कोण गप्प बसेल? विकणाऱ्याची स्टोरीही पक्की, म्हणे त्याचे आजोबा आकाशवाणीत होते, आता मर्ढेकर आकाशवाणीत होते हे खरंच आहे, मग शंका काय घेणार!

सगळं फोटोतच दिसत होतं, त्याचाच जास्त संताप येतो. तारीख १९५०ची. कवितेत 'पिपांत'वर अनुस्वार, कारण ती पुस्तकातून उतरवलेली, आणि खालच्या स्पष्टीकरणात 'नाही', 'काही', 'मध्ये' एकदम आजच्यासारखं, तेव्हाच्यासारखं 'नाहीं', 'कांहीं', 'मध्यें' नाही. अहो, ते अनुस्वार गेले १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी, मर्ढेकर गेले १९५६ला! पण मोबाइलवर फोटो बघताना अनुस्वार कोण मोजतं, आणि तो माणूस तासातासाला 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' करत होता.

पार्सल आल्यावर कागद उलटा करून बोट फिरवलं तर गुळगुळीत. टाइपरायटरचा ठसा मागे लागतो, निदान पूर्णविराम तरी टोचतात. प्रिंटआउट होता तो. सह्या एकावर एक ठेवून उजेडात धरा, तंतोतंत जुळल्या तर स्कॅन समजा. आणि हे पैसे द्यायच्या आधी करायचं, समोर बसून, नाहीतर व्हिडिओ कॉलवर पानाची मागची बाजू मागा.

पोलिस स्टेशनात साहेब विचारतात, "सही मर्ढेकरांची ना, मग त्यांना घेऊन या, तक्रार ते देतील." वारले म्हटलं तर "मग वारसांना आणा." दुसरा म्हणतो वस्तू मिळाली ना तुम्हाला, मग हे दिवाणी, कोर्टात जा. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. जिथे जाहिरात होती ते म्हणतात अकाउंट बंद झालंय, आम्ही काही करू शकत नाही. अर्ज घेतला शेवटी, पोच द्यायला मात्र शिक्का सापडेना! कोणाचे पैसे गेले तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन लावा, चौकीच्या बाकड्यावर बसून वेळ घालवू नका. चॅट डिलीट करू नका, पार्सलचं पाकीटसुद्धा ठेवा.

परवा तीच जाहिरात परत दिसली, या वेळी कवी दुसरा, आजोबा तेच. दिसली तर रिपोर्ट तरी करा.