दाभोळ-धोपावे फेरीबोट: गाडीत बसून राहू नका

दापोलीकडून गुहागरला जाताना वाशिष्ठीची खाडी बोटीने ओलांडली की चिपळूणचा वळसा वाचतो म्हणून सगळेच ही फेरी घेतात, गाडी चढवली, सेल्फी काढला, उतरवली, झालं. माझे पाच स्टार मात्र सुकाणावरच्या माणसाला.

ओहोटी जोरात असेल तर सुटल्या सुटल्या बोटीचं नाक धोपाव्याकडे नसतंच, डावीकडे खाडीच्या वरच्या अंगाला असतं. शेजारच्या काकांनी खलाशाला विचारलंच, "ओ भाऊ, चिपळूणला नेताय काय?" तो म्हणाला, "पाणी खाली नेणारच हाय, म्हणून वर धरलंय." काकांच्या मोबाईलवरचा निळा ठिपका मात्र मुकाट जेट्टीकडेच सरकत होता, कारण जीपीएसला बोटीचं तोंड कुठे आहे ते कळत नाही, ती कुठे सरकतेय तेवढंच कळतं.

समजा बोट ६ नॉटने (नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी) चाललीय आणि पाणी २ नॉटने आडवं ओढतंय, तर नाक साधारण २० अंश वर धरावं लागतं, नाहीतर खाली समुद्राकडे, वेलदूरच्या बाजूला वाहत जाल. आणि नाक सारखं जेट्टीवरच रोखत गेलं तर बोट कमान मारून जाते आणि शेवटी उलट्या पाण्यावर चढत बसायचं, डिझेल फुकट. वर उभं राहून समोरच्या जेट्टीचा खांब आणि त्यामागचा एखादा माड एका रेषेत धरून बघा, रेषा हलली नाही म्हणजे बोट बरोबर चाललीय.

खरी कला लागताना. शक्यतो येणाऱ्या पाण्याकडे नाक करून लावतात, म्हणजे बोट जवळजवळ थांबली तरी सुकाणावरून पाणी वाहत राहतं आणि ती ऐकते. पाणी मागून ढकलत असलं की इंजिन बारीक केलं तरी बोट पुढेच पळते आणि सुकाणाला धरच मिळत नाही. शेवटच्या काही फुटांत इंजिनाचा आवाज कसा कमी-जास्त होतो ते ऐका, मस्त वाटतं.

हे सगळं बघायचं तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, भरती उतरायला लागून दोन-तीन तास झाले की जा, अष्टमीच्या भांगाला (तेव्हा भरती-ओहोटी कमी असते) फार काही दिसणार नाही. कोयनेचं वीज करून झालेलं पाणीपण याच वाशिष्ठीत येतं, वर पावसाळ्याचं, त्यामुळे जून-जुलैत ओढ वेगळीच असते (आणि फेरी चालू आहे का ते आधी फोन करून विचारा).

गाडीचा हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि वर जा. हॉर्न वाजवू नका, बोट त्याने लवकर लागत नाही.