ठिणगी पडते, पण फ्लायव्हील दुसऱ्याच मोटरीचं निघतं

जाहिरात नेहमी सारखीच असते. जुन्या आउटबोर्डचं (बोटीच्या मागे लावायच्या मोटरीचं) फ्लायव्हील, म्हणजे मॅग्नेट बसवलेलं जड चाक, "न वापरलेलं, मॅग्नेट रिचार्ज केलेले, जोरदार ठिणगी, व्हिडिओ पाहा". व्हिडिओत कोणीतरी ड्रिल मशीनने चाक गरागरा फिरवतो, मोकळ्या प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी दिसते आणि घेणारा पैसे पाठवतो. पार्सल येतं. चाक रंगवून चकचकीत केलेलं असतं. मोटर तिसऱ्या-चौथ्या दोरीला चालू होते, कार्ब्युरेटरमधून फटफट करते, वेग घेत नाही किंवा सुरू होताना उलटा झटका देऊन दोरी हातातून ओढते. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: "टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तुम्हीच चुकवलंत."

त्या व्हिडिओतून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. ड्रिलचा वेग हाताने ओढलेल्या दोरीपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे मरगळलेल्या मॅग्नेटवरही ठिणगी पडते. शिवाय प्लग उघड्या हवेत असतो. सिलिंडरमधल्या दाबात तीच ठिणगी गॅप ओलांडेलच असं नाही. चाचणी करायची तर चाक शाफ्टवर बसवून, दोरीने फिरवून, 6 मिमीच्या मोकळ्या गॅपवर करायची. तसा व्हिडिओ मागितला की निम्मे विक्रेते गप्प होतात.

मॅग्नेटोच्या (फिरत्या मॅग्नेटवर ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) फ्लायव्हीलमध्ये दोन वेगळे मेळ बसावे लागतात, आणि फसवणूक याच्याच आडून चालते. पहिला मेळ पिस्टनचा आणि पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क) उघडण्याचा. दुसरा मॅग्नेटचा आणि पॉइंट उघडण्याचा. कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र दिशा बदलत असताना, प्रवाह जोरात असतानाच पॉइंट उघडायला हवेत. कॅम (पॉइंट उघडणारा उंचवटा) क्रँकशाफ्टवर स्वतंत्र चावीने (जागा पक्की करणाऱ्या लोखंडी तुकड्याने) बसलेला असेल आणि फ्लायव्हीलचा कीवे (चावीची खाच) चुकीच्या जागी असेल, तर पॉइंट अगदी बरोबर वेळी उघडतात, फक्त ठिणगी लुळी पडते. बिचारा घेणारा टायमिंग दहा वेळा तपासतो, ते दहाही वेळा बरोबर येतं. कॅम फ्लायव्हीलच्या हबवरच (मधल्या भागावरच) असेल तर नेमकं उलट होतं: ठिणगी झकास, पण वेळ चुकलेली. म्हणून आधी पाहायचं ते आपल्या मोटरीत कॅम कुठे बसतो.

कीवे किती सरकला म्हणजे बिघडतं? जिथे शाफ्टचा व्यास 22 मिमी आहे तिथे 1 मिमीची चूक म्हणजे सुमारे 5 अंश. अर्धा मिमी डोळ्याला सहसा कळत नाही, पण तेवढ्यातही अडीच अंश गेले.

एकसारखी दिसणारी दोन फ्लायव्हील एकसारखी नसतात, हा दुसरा सापळा. चाकावर ओतीव अक्षरांत जो क्रमांक असतो तो बहुतेक वेळा ओतकामाचा असतो, सुट्या भागाचा नव्हे. एकाच ओतीव चाकातून वेगवेगळ्या मॉडेलसाठी वेगळा टेपर (शाफ्टवर बसणारा निमुळता भाग), वेगळा कीवे किंवा मॅग्नेटची वेगळी जागा करता येते. "क्रमांक जुळतो" एवढ्यावर पैसे देऊ नका. मॉडेल क्रमांकावरून सुट्या भागांच्या यादीतला क्रमांक काढा आणि फोटो मागा: हबच्या खालच्या बाजूचा, कीवेचा, आणि कीवे व मॅग्नेट एकाच चौकटीत दिसतील असा. फक्त वरून काढलेले फोटो पाठवणाऱ्याशी व्यवहार तिथेच थांबवा.

वस्तू हातात आली की बसवण्याआधी सगळं तपासून घ्या, प्रत्येक पायरीचा फोटो काढत. एकदा नट आवळला की वाद तुमच्या अंगावर येतो.

रंग आधी संशयाने पाहायचा. कीवेच्या कोपऱ्यातून निघणारी केसासारखी तडा रंगाखाली सहज लपते. हबचा रंग उतरवा, डाय पेनेट्रंट (तडा दाखवणारा रंगीत द्रव) लावा. नुसता टिचकीचा आवाज पुरेसा नाही. यात कंजूषी नको: 25 सेमी व्यासाचं चाक मिनिटाला 4,000 फेऱ्यांवर फिरलं की त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण 52 मीटर होतो, आणि ते फुटलं तर तुकडे मोटर चालवणाऱ्याच्या छाती-तोंडाच्या उंचीवर उडतात.

मग कीवे. वेल्डिंगने भरून नव्याने कापलेला कीवे आतल्या रंगछटेवरून आणि खडबडीत कडांवरून ओळखू येतो. सोबत "मोफत" आलेली चावी बोल्ट घासून केलेली असते, ती फेकूनच द्या. उंच राहिलेली चावी हबला टेपरवर पूर्ण बसू देत नाही. खरी पकड टेपरची असते, चावी फक्त जागा दाखवते. पकड नसली की सगळा भार चावीवर येतो, ती कातरते आणि टायमिंग सरकतं.

टेपरसाठी शाफ्टला निळ्या रंगाचा पातळ हात द्या, चावी न लावता चाक दाबून बसवा आणि काढा. कोरड्या, स्वच्छ टेपरवर 70 ते 75 टक्के भागाला रंग लागायला हवा. एकाच कडेला लागला तर टेपर दुसऱ्याच मोटरीचा आहे. काही जण लॅपिंग पेस्ट घासघासून तो "जुळवतात". मग चाक खाली बसतं आणि आतला भाग आर्मेचर प्लेटवर (कॉइल आणि पॉइंट बसवलेल्या तबकडीवर) किंवा कॉइलच्या टाचांवर घासतो. आत ताज्या चकाकत्या रेघा दिसल्या तर तेच झालेलं असतं.

मॅग्नेटच्या बाबतीत काळ पाहावा. 1930 च्या दशकात अल्निको (मॅग्नेटसाठीचा मिश्रधातू) आलं, त्याआधीचे स्टीलचे मॅग्नेट धक्क्याने आणि नुसत्या पडून राहण्याने कमजोर होतात. असं चाक कीपरशिवाय (मॅग्नेटची टोकं जोडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीशिवाय), कागदात गुंडाळून आलं असेल तर रिचार्जच्या दाव्याला फारसा अर्थ उरत नाही.

"जुना पण न वापरलेला" कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा भाग) आणि कॉइलही तसेच. डबा मूळचा असला तरी आतलं इन्सुलेशन वयानेच मरतं. कॉइलवर तडे दिसले की ती नाकारा. कंडेन्सर कपॅसिटन्स बरोबर दाखवूनही गळका असू शकतो, तेव्हा इन्सुलेशन टेस्टरवर घ्या.

विक्रेत्याला उत्तर द्यायचं तर टायमिंग मोजून द्या. पॉइंटपासून कॉइलची तार सोडवा, नाहीतर प्रायमरीच्या (कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्याच्या) कमी रोधामुळे मीटर फसवतो. पॉइंटची गॅप पुस्तकाप्रमाणे ठेवा. कित्येक जॉन्सन-एव्हिनरूडला ती 0.020 इंच असते. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, त्यामुळे गॅप आधी, टायमिंग नंतर. प्लगच्या भोकातून डायल गेज घालून पॉइंट उघडताना पिस्टन माथ्यापासून किती खाली आहे ते लिहून ठेवा.

उतरवताना पुलर (चाक ओढून काढायचं साधन) हबच्या आट्यांच्या भोकांत लावा, कडेला हूक अडकवून नाही आणि शाफ्टच्या टोकावर हातोडाही नाही. वाकलेली कडा आणि चेपलेले आटे पाहून विक्रेता पैसे नाकारतो, आणि तेव्हा बरोबर तोच असतो.

तडा निघाली आणि पैसे परत आले नाहीत, तर ते चाक भंगारात देण्याआधी हबवर करवत चालवा. नाहीतर नवा रंग घेऊन ते पुन्हा कोणाच्या तरी पार्सलात येतं.