१३.५ टर्न मोटर आणि पिनियनचा डबा: दिवाळी ते जून

आधी गाडी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. रिमोटवर चालणारी १/१० स्केलची बेल्टवाली टूरिंग कार, सेकंडहँड घेतलेली. आत २० आणि ३८ दातांच्या पुली, म्हणजे आतला रेशो १.९. पिनियन म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचं छोटं गिअर, स्पर म्हणजे तो ज्याला फिरवतो ते मोठं गिअर. स्पर ६४ पिचचा (पिच म्हणजे दात किती बारीक ते), ९६ दातांचा. मोटर १३.५ टर्नची (टर्न म्हणजे तारेचे वेढे) सेन्सर्ड ब्रशलेस, केव्ही (एका व्होल्टला किती आरपीएम) साधारण ३०००. बॅटरी टू-एस लिपो, म्हणजे दोन सेलची, ७.४ व्होल्टची. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) ब्लिंकी मोडवर, म्हणजे त्याच्याकडून टायमिंग (मोटरला करंट थोडा आधी देणं) शून्य. दिवाळीत मोटरसोबतच ३४ ते ४२ दातांचे पिनियन एकदम मागवले. हा अनुभव मोटरचा कमी आणि त्या डब्याचा जास्त आहे. मोटर तक्रार न करता चालते, विषय संपला.

आमचा ट्रॅक म्हणजे नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका शेडसमोरचं काँक्रीट. रविवारी तिथे काम बंद असतं आणि मालकांनाही हौस आहे. जुने होजपाईप टाकून वळणं आखतो. बऱ्यापैकी लांब असा सरळ पट्टा एकच, बाकी वळणंच वळणं, त्यात दोन हेअरपिन. पुढचं सगळं या जागेपुरतं खरं आहे. मोठ्या डांबरी ट्रॅकवर हेच आकडे जसेच्या तसे वापरू नका.

हिशोब सोपा आहे. स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले आतला रेशो. ३८ च्या पिनियनला ४.८० येतो, ४२ ला ४.३४. म्हणजे चाक एकदा फिरायला मोटरला ४.८० किंवा ४.३४ फेरे मारावे लागतात. टायरचा व्यास ६३ मिमी धरला आणि ७.४ व्होल्टला मोटर २२,२०० आरपीएम फिरते असं मानलं, तर कागदावर ३८ ला ताशी ५५ किमी आणि ४२ ला ६१ किमी निघतात. प्रत्यक्षात लोडवर एवढं मिळत नाही, पण फरकाचा अंदाज येतो. नवा माणूस हा ६ किमीचा फरक बघतो आणि थेट ४२ लावतो. आमच्याकडे आलेल्या जवळपास प्रत्येकाने हेच केलं आहे.

४२ वर गाडी सरळ पट्ट्यात खरंच देखणी पळते. हेअरपिनमधून निघताना मात्र कसारा घाटात वरच्या गिअरला अडकलेल्या ट्रकसारखी कण्हते. कारण असं, की मोटरची ओढ करंटवर ठरते, आणि फेरे कमी असताना करंट सगळ्यात जास्त जातो. कॉपरमधली उष्णता तर करंटच्या वर्गाने वाढते: करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. मोठा पिनियन मोटरला कमी फेऱ्यांवर जास्त वेळ अडकवून ठेवतो. त्यात तापलेल्या कॉपरचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढत जातो. म्हणून पहिले दोन लॅप बरे जातात आणि पाच मिनिटांच्या रेसच्या शेवटी गाडी सुस्त होते. दोष मग बॅटरीला दिला जातो. या नादात लोकांनी नव्या लिपो घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. काही शे रुपयांचा एक पिनियन बदलून काम झालं असतं.

खाली जाण्यालाही मर्यादा आहे. ३४ लावला की रेशो ५.३६ होतो. वळणातून गाडी झेप घेते, पण पट्ट्याच्या मध्यावरच मोटरचे फेरे संपतात आणि पुढे ती नुसती किंचाळत राहते. तिथे वेळ जातो, शिवाय सतत वरच्या फेऱ्यांवर मोटरचं लोखंडही तापतं, म्हणजे लहान पिनियन नेहमीच थंड असं नाही. आमच्या जागेवर ३७-३८ ला लॅप सगळ्यात सारखे पडतात. मागून येणाऱ्याला वेग कमी वाटतो, घड्याळाला वाटत नाही.

तापमानाबद्दल थोडं सविस्तर, कारण नाशिकला याचा फटका बसतो. पाच मिनिटं संपली की लगेच इन्फ्रारेड गनने मोटरच्या कॅनचं, म्हणजे बाहेरच्या डब्याचं, तापमान बघायचं. माझी रेषा ७५ अंश. त्यावर गेलं की रोटरच्या मॅग्नेटची काळजी वाटायला लागते, कारण जास्त तापलेला मॅग्नेट थंड झाल्यावरही पहिल्याइतका जोरात राहीलच असं नाही. पण नुसता आकडा बघून उपयोग नाही, हवेपेक्षा किती वाढलं ते बघायचं. ४५ अंशांची वाढ जानेवारीच्या सकाळी १५ अंशांत फक्त ६० वर थांबते. तीच वाढ मे महिन्यात, ३८ अंश असताना, ८३ वर जाते. सेटअप तोच, गाडी तीच. म्हणून थंडीत ३९ चालवला, एप्रिलपासून ३७, आणि जूनमध्ये आभाळ भरून आल्यावर पुन्हा ३८. मे महिन्यात दुपारी काँक्रीटच इतकं तापतं की आम्ही सकाळीच गाड्या गुंडाळतो.

एक दात म्हणजे किती? ३८ वरून ३९ ला गेलं की रेशो ४.८० चा ४.६८ होतो, अडीच टक्के. बहुतेक वेळा पुरेसं. त्याहून बारीक फरक हवा तर स्पर बदला: ९६ च्या जागी ९७ घातला की ४.८५, जेमतेम एक टक्का. उलट १/८ बगीवाल्यांनी जपून. १४ चा १५ केला की एका दातात ७ टक्के उडी बसते.

टायमिंगचंही लक्षात ठेवा. मोटरच्या मागची एन्डबेल (मागचं झाकण) फिरवून टायमिंग वाढवलं की फेरे वाढतात, ओढ कमी होते आणि करंट चढतो. टायमिंग वाढवलं तर आधी गन लावा, मग पिनियन एक-दोन दात उतरवा आणि पुन्हा गन लावा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही.

आता डब्यातल्या मालाबद्दल. निम्मे पिनियन हार्ड अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचे होते, निम्मे स्टीलचे. अॅल्युमिनियमचे हलके, गुळगुळीत, पण अंबडच्या धुळीपुढे टिकत नाहीत. दातांवरचा रंग उडून चंदेरी रेघ दिसली की तो पिनियन काढा, नाहीतर तो स्पर खायला लागतो. स्टीलचे अजून जसेच्या तसे आहेत. एका पिनियनचं भोक किंचित तिरकं निघालं, त्यामुळे जाळी (पिनियन आणि स्परच्या दातांची बसण) एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल बसायची. विक्रेत्याने बदलून दिला नाही. पिनियन शाफ्टवर धरून ठेवणारे ग्रब स्क्रूही मऊ होते, ते सगळे बदलले. आमच्यातले एक काका टूलरूममधून निवृत्त झालेत. त्यांना विचारलं की इथेच कुठे कापून मिळेल का. ते हसले, म्हणाले, "मिळेल की, पण एका नगाला हॉब कोण लावणार?" हॉब म्हणजे गिअरचे दात कापायचं हत्यार.

जाळी बसवताना दातांमध्ये साध्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, पट्टी फिरवून काढा. मग स्पर पूर्ण एक फेरा हाताने फिरवून बघा. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसवा. आणि ४८ पिचचा पिनियन ६४ च्या स्परवर "चालून जाईल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

१७.५ टर्नवाल्यांना हा डबा पुरणार नाही. त्या मोटरला ब्लिंकीत रेशो ४ किंवा त्याखाली लागतो. ९६ च्या स्परवर ४२ लावूनही तिथे पोचत नाही. ८८ चा स्पर घेतला तर ४२ ला ३.९८ आणि ४६ ला ३.६३ मिळतो. मात्र आधी मोटरमाउंटचा खाचा तेवढा सरकतो का आणि एवढा मोठा पिनियन खाली चेसिसला घासतो का, ते मोजून मगच मागवा.