कव्हनंट आइज: मुलाच्या फोनआधी वडिलांच्या फोनमध्ये

चर्चच्या तरुण संघाच्या शिबिरात मोबाइल आणि पावित्र्य या विषयावर सत्र झालं की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: पोरांच्या फोनमध्ये कोणतं ॲप टाकायचं? बऱ्याचदा उत्तर मिळतं, कव्हनंट आइज, म्हणजे फोनवर काय पाहिलं ते विश्वासातल्या माणसाला कळवणारं ॲप. रॉन डीहास यांनी २००० साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ही सेवा सुरू केली. नाव बायबलमधल्या ईयोब ३१:१ मधल्या डोळ्यांशी केलेल्या करारावरून घेतलं आहे. सेवा चांगली आहे. पण पोराच्या फोनवर पहारा बसवून बापाचा फोन मोकळा राहिला, तर तिचे पैसे पाण्यात जातात.

ॲप पडद्याची चित्रं सतत घेतं, ती त्याच फोनवर किंवा लॅपटॉपवर तपासतं, आणि पुसट करून तुम्ही निवडलेल्या साथीदाराकडे, म्हणजे तुम्हाला जाब विचारणाऱ्या माणसाकडे, पाठवतं. साथीदार ती व्हिक्टरी नावाच्या ॲपमध्ये पाहतो. त्याला पैसे पडत नाहीत. २०१९ पूर्वी साथीदाराकडे चित्रांऐवजी उघडलेल्या पानांची शेरे मारलेली यादी जायची. ती वाचताना कोणाचाही दम निघाला असता, त्यामुळे चित्रांची पद्धत नक्कीच सरस. ॲपमधला मजकूर इंग्रजीत आहे, मराठी नाही. त्यामुळे इंग्रजी न वाचणाऱ्या वडीलधाऱ्याला साथीदार करायचं असेल, तर आलेली चित्रं कशी पाहायची ते त्याच्याजवळ बसून दाखवावं लागतं.

अँड्रॉइडवर बसवताना ॲक्सेसिबिलिटी (पडद्यावर काय आहे ते पाहण्याची) आणि व्हीपीएन (फोनचं इंटरनेट ॲपमधून नेण्याची) अशा दोन्ही परवानग्या द्याव्या लागतात. याच ॲक्सेसिबिलिटीच्या वापरावरून गुगलने २०२२ मध्ये ते काही काळ प्ले स्टोअरवरून काढलं होतं. परवानग्या दिल्या म्हणजे काम झालं असं समजू नका. आपल्याकडच्या शाओमी, विवो, ओप्पो फोनमध्ये बॅटरी वाचवणारी यंत्रणा मागे चालणारं ॲप गुपचूप बंद करते. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटोस्टार्ट चालू करा, बॅटरीला ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा, मग फोन बंद-चालू करून साथीदाराला विचारा की नवी नोंद आली का. दुसरी अडचण बँकेची. ॲक्सेसिबिलिटी चालू असली की काही बँकिंग ॲप उघडत नाहीत. माणूस परवानगी काढतो, पैसे पाठवतो आणि परत चालू करायचं विसरतो. शिवाय अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, त्यामुळे ऑफिसचं व्हीपीएन वापरणाऱ्यांची ओढाताण होते.

आयफोनवर मात्र अपेक्षा कमी ठेवा. इतर ॲपच्या पडद्यावर नजर ठेवायला ॲपल परवानगी देत नाही, त्यामुळे इन्स्टाग्राममध्ये काय चाललंय ते साथीदाराला दिसणार नाही.

तपासणी चित्रांची असते. म्हणून समुद्रकिनाऱ्याचे किंवा बाळाच्या आंघोळीचे फोटोही कधी अडकतात, आणि अश्लील मजकूर नुसता वाचला तर निसटू शकतो. घरातला टीव्ही तर सर्वस्वी बाहेर. त्यासाठी राउटरमध्ये डीएनएस (साइटचे पत्ते शोधून देणारी सेवा) म्हणून १.१.१.३ आणि १.०.०.३ घातले की त्या वायफायवरच्या सगळ्या उपकरणांसाठी बऱ्याचशा अश्लील साइट बंद होतात. ही क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची फुकट सोय आहे. मोबाइल डेटावर तिचा उपयोग नाही.

सेवेची खरी किंमत साथीदारावर ठरते, आणि घोळही तिथेच होतो. पत्नीला एकटीला साथीदार करू नका. दर नोंदीगणिक जखम तिला आणि चौकशीही तिनेच करायची, हे अन्यायाचं आहे. हाताखालचा माणूसही नको. पाळकाने मंडळीतल्या तरुणाला साथीदार केलं तर तो तरुण विचारणार काय? पुढे २०२३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष झालेले माइक जॉन्सन यांनी २०२२ साली लुइझियानातल्या एका चर्चमध्ये सांगितलं होतं की ते आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा एकमेकांचे साथीदार आहेत. बापाने स्वतःला त्याच नियमाखाली आणलं, हे मनापासून पटतं. पण बापाला जाब विचारण्याचं ओझं पोरावर टाकणं बरोबर नाही. समवयस्क, पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री असा, तोंडावर विचारू शकणारा आणि ऐकलेलं पोटात ठेवणारा विश्वासू माणूस शोधा, आणि आठवड्यातली भेटीची वेळ आधीच ठरवा. मुलाला एवढं कळलं तरी पुष्कळ, की बाबांच्या फोनमध्येही हे आहे आणि बाबांनाही कोणीतरी विचारतं.

हे ॲप मंडळीने सभासदांवर लादू नये. अमेरिकेत तसं घडल्याच्या बातम्या आल्या आहेत. जबरदस्तीने बसवलेलं ॲप माणसाला दुसरा फोन लपवायला शिकवतं. समुपदेशन करणाऱ्या पाळकांनी आणखी एक पाहावं: लोकांचे खाजगी निरोप ज्या फोनवर येतात, त्याच्या पडद्याची चित्रं बाहेर जाणार आहेत. त्या कामाला वेगळा फोन ठेवा.

वर्गणी डॉलरमध्ये आहे. एका खात्यात घरातल्या माणसांना जोडता येतं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे दरमहाची आपोआप कपात ई-मँडेट (आपोआप कपातीची बँकेला दिलेली संमती) नोंदल्याशिवाय होत नाही. कपात अडकली की वर्गणी संपू शकते, आणि फोन हातात असलेल्याला ते सोयीचंच वाटतं. म्हणून नूतनीकरणाची तारीख साथीदाराच्या कॅलेंडरमध्येही टाका.