कोलिस्टिन, लिपिड आणि मास स्पेक : माल्डी करायचं की एलसी-एमएस?

रबाळ्याच्या एमआयडीसीत मास स्पेक्ट्रोमेट्रीचं, म्हणजे रेणूंना भार देऊन त्यांचं वजन मोजण्याचं काम करत असल्यामुळे दर वर्षी कॉलेजं सुरू झाली की वाशी, नेरूळ, ठाण्याकडच्या एम.एससी.च्या मुलामुलींचे फोन येतात. "सर, प्रतिजैविक जिवाणूच्या पटलाशी काय करतं ते बघायचंय. माल्डी करू की एलसी-एमएस?" माल्डीत नमुना 'मॅट्रिक्स' नावाच्या पदार्थात मिसळून, प्लेटवर ठिपका वाळवून त्यावर लेझर मारतात; एलसी-एमएसमध्ये आधी कॉलममधून घटक वेगळे करून मग त्यांचं वजन करतात. मी उलट विचारतो : औषध पटलातल्या लिपिडला, म्हणजे तिथल्या स्निग्ध रेणूला, चिकटतं का, हे बघायचंय, की औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूने स्वतःचं पटल कसं बदललं, हे? यंत्र त्यावरून ठरतं.

दुसरा प्रश्न आणि औषध कोलिस्टिन हे प्रतिजैविक, अशी जोडी असेल तर मी डोळे मिटून माल्डी सांगेन. ई. कोलाय या जिवाणूच्या बाहेरच्या पटलात लिपिड-ए असतं. त्यावर दोन फॉस्फेट, म्हणजे ऋणभार. कोलिस्टिन धनभारित, म्हणून ते तिथे धरतं. २०१५ साली चीनमधून नोंदवलेला एमसीआर-१ हा जनुक याच फॉस्फेटवर फॉस्फोइथेनॉलअमाइन नावाचा गट चढवतो, ऋणभार कमी होतो आणि औषधाची पकड सुटते. निगेटिव्ह मोडमध्ये, म्हणजे ऋणभारित रेणू मोजताना, साध्या ई. कोलायच्या लिपिड-एचा पीक (आलेखातला उंचवटा) १७९६-९७ वजनाच्या आसपास दिसतो. फॉस्फोइथेनॉलअमाइन चढलं की त्यात १२३ ची भर पडून १९१९-२० ला नवा पीक उभा राहतो. अरॅबिनोज गटातली अमिनो साखर चढली असेल तर भर १३१ ची. माल्डीत रेणूवर बहुधा एकच भार असतो, त्यामुळे ही वजाबाकी कागदावरच होते. हा फरक पहिल्यांदा स्क्रीनवर दिसला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आपल्याकडे २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली ती याच प्रतिकारशक्तीच्या धास्तीने, त्यामुळे विषय नुसता पुस्तकी नाही.

पण माल्डीवर "किती" विचारू नका. मॅट्रिक्सचे स्फटिक प्लेटवर सारखे पसरत नाहीत. एकाच ठिपक्यात इकडे लेझर मारला तर भरघोस सिग्नल, तिकडे काहीच नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, एसी नीट चालत नसेल तर ठिपके वाळायलाच वेळ लागतो आणि स्फटिक ओबडधोबड येतात. शिवाय ५०० वजनाच्या खाली मॅट्रिक्सचीच गर्दी असते. ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं औषध आणि ते जिथे धरतं ते बुरशीच्या पटलातलं अर्गोस्टेरॉल असा विषय घेतलात, तर ३९६ वजनाचं अर्गोस्टेरॉल त्या गर्दीत शोधत बसू नका. त्याला एपीसीआय (वाफ करून भार देण्याची पद्धत) किंवा जीसी-एमएस (वायुरूपात घटक वेगळे करून वजन) बरं.

डॅप्टोमायसिन हे प्रतिजैविक घेतलंत तर मात्र एलसी-एमएस. हे औषध कॅल्शियमच्या मदतीने फॉस्फेटिडिलग्लिसरॉल या लिपिडला, म्हणजे पीजीला, धरतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू त्या पीजीवर लायसिन हे अमिनो आम्ल चढवून (वजनात १२८ ची भर) भार बदलू शकतो. इथे लायसिनवाला पीजी आणि साधा पीजी यांचं प्रमाणच महत्त्वाचं, म्हणून कॉलमने लिपिड वेगळी करून, अंतर्गत मानक (तुलनेसाठी माहीत असलेल्या प्रमाणातला पदार्थ) घालून मोजावं लागतं. वेळ जातो, खर्च होतो, मिठाचा अंश राहिला तर सिग्नल दबतो. तरी आकडा हवा असेल तर पर्याय नाही.

आता पहिला प्रश्न, "चिकटतं का?" औषध आणि लिपिड एकत्र करून थेट ईएसआयमध्ये (द्रावणाचा भारित फवारा करून मोजण्याच्या पद्धतीत) सोडलं की दोघांच्या बेरजेचा पीक बऱ्याचदा दिसतो, आणि इथेच मुलं फसतात. यंत्राच्या निर्वात जागेत पाणी उरत नाही. विरुद्ध भारांची ओढ टिकते, कधी वाढतेही, आणि पाण्यामुळे जुळून आलेली तेलकट भागांची जवळीक ढिली पडते. म्हणजे कोलिस्टिनसारखं पाच भारांचं औषध कुठल्याही ऋणभारित लिपिडला चिकटलेलं दिसू शकतं. म्हणून त्याच नळीत तेवढ्याच प्रमाणात दुसरं लिपिड घाला आणि औषध कोणाला निवडतं ते बघा. हा कंट्रोल नसेल तर तो पीक मी पुरावा मानत नाही.

खरेदीतही एक चूक नेहमी होते. इंजेक्शनचं कोलिस्टिन हे बहुधा कोलिस्टिमिथेट सोडियम, म्हणजे कोलिस्टिनचं बदललेलं रूप असतं. प्रयोगाला कोलिस्टिन सल्फेट मागा. त्यातही ई-१ आणि ई-२ असे १४ च्या फरकाचे दोन मुख्य घटक येतात. ते पीक म्हणजे अशुद्धी समजून नमुना टाकून देऊ नका.

माझं मत विचाराल तर सहा महिन्यांच्या प्रकल्पाला लिपिड-ए आणि माल्डी पुरे. डॅप्टोमायसिन पुढे पीएच.डी.ला घ्या. यंत्र पवईच्या आयआयटीत मिळो की आणखी कुठे, नमुना नीट पोचला पाहिजे. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे गाठून पुढे जाताना माझा स्वतःचा एक अख्खा संच वाया गेलाय. क्लोरोफॉर्ममधला अर्क मी प्लॅस्टिकच्या नळीत नेला होता. स्पेक्ट्रममध्ये ३९१ चा थॅलेटचा (प्लॅस्टिकमधून सुटलेल्या रसायनाचा) पीक एवढा उंच आला की बाकी काही वाचताच येईना. तेव्हापासून अर्क नायट्रोजनखाली वाळवायचा, काचेच्या कुपीत, टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण लावून, बर्फाच्या डब्यात न्यायचा, आणि सोबत रिकाम्या कुपीत नुसतं द्रावक घालून केलेला एक ब्लँकही, म्हणजे तुलनेसाठीचा कोरा नमुना.